मंडळीच्या ऑफिससाठी कॉम्प्युटर घेताना: सेक्रेटरी बदलला तरी उघडेल असं

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ऑफिसात आल्या. वडिलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, साल १९५८च्या आसपासचं. मी निवांत होतो, कारण आधीच्या सेक्रेटरींनी सगळ्या नोंदवह्यांची सूची कॉम्प्युटरवर करून ठेवली होती. फाइल उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची नुसती मिसळ. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली होती तो फॉन्ट जुन्या मशीनवर होता आणि जुनं मशीन भंगारात गेलं होतं. मेलवर कॉपी होती म्हणे, पण मेलचा पासवर्ड आधीच्या सेक्रेटरींच्या पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर. शेवटी पाळकसाहेब (आमचे पास्टर), मी आणि मावशी, तिघांनी दोन दुपारी वह्या चाळून नोंद काढली.

त्यानंतरच्या बैठकीत समितीने लाखभर रुपये मंजूर केले आणि खरेदी माझ्या गळ्यात पडली. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो, पण मंडळीत ज्याला एक्सेल येतं तो ‘कॉम्प्युटरातला’ माणूस. खरेदी करताना मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत गेलो: उद्या सेक्रेटरी बदलला, तर नव्या माणसाला हे उघडता येईल का? आजूबाजूच्या दोन-तीन मंडळ्यांनी विचारलं म्हणून ते सगळं क्रमाने लिहितोय.

पायरी १: दुकानात जाण्याआधी काम मोजा

एक वही घ्या आणि महिनाभर ऑफिसात काय काय होतं ते लिहा. आमच्याकडे निघालेली यादी अशी: रविवारची पत्रिका, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, अर्पणाच्या पावत्या, सभासदांची यादी, जमाखर्च, महिला मंडळ आणि तरुण संघाची पत्रं, आणि उपासनेत पडद्यावर दाखवायची गीतं. यातल्या एकाही कामाला भारी मशीन लागत नाही. दोनशे कुटुंबांपर्यंतच्या मंडळीला एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप पुरतो. डेस्कटॉप ऑफिसात कायमचा, लॅपटॉप उपासनेच्या पडद्यासाठी आणि पाळकसाहेबांच्या कामासाठी.

याच वेळी कागदावर काय राहणार हेही ठरवा. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची विवाह नोंदवही ही सह्यांसकट कागदावरचीच खरी. कॉम्प्युटरवर येते ती तिची सूची. उत्साही तरुण मंडळी ‘आता सगळं पेपरलेस करूया’ म्हणतात, त्यांना चहा पाजा आणि हे समजावून सांगा.

पायरी २: मशीन

डेस्कटॉपसाठी इंटेल आय-३ किंवा त्याच तोडीचा रायझन-३, अलीकडच्या पिढीचा. रॅम १६ जीबी घ्या. ८ जीबीवर आज भागतं, पण आपण मशीन सात-आठ वर्षं वापरणार, आणि नंतर रॅम वाढवायला समिती पुन्हा पैसे देईल याचा भरवसा नाही. ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, हवीच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज टाकलं की उपासनेच्या घंटेपर्यंत मशीन सुरूच होत राहतं.

जुन्या म्हणजे रिफर्बिश्ड मशीनवर माझा राग नाही, पण एक सापळा आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. सहाव्या-सातव्या पिढीची मशिन्स म्हणूनच स्वस्तात येतात. ‘चालतंय की’ म्हणून दुकानदार दाखवेल, आणि ते चालतंही, फक्त सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येत नाहीत. सभासदांची यादी अशा मशीनवर ठेवू नका. तेच मशीन लिनक्स टाकून नुसत्या पडद्यासाठी उत्तम.

आता विंडोजचं बोलू. राजारामपुरीत एका दुकानात झालेला संवाद:

‘विंडोज, ऑफिस सगळं टाकून देतो सर, त्याचं वेगळं काही नको.’

‘बिलावर लिहून द्याल का? लायसनसकट?’

‘बिलावर कशाला सर, देवाचं काम आहे.’

देवाचं काम आहे म्हणूनच बिलावर हवं. लायसनसकट आलेलं विंडोज घ्या आणि बिल मंडळीच्या ट्रस्टच्या नावावर करा, सेक्रेटरीच्या नाही. ऑडिटरला जंगम मालमत्तेच्या यादीत हे मशीन चढवायचं असतं आणि वॉरंटीही बिलावरच्या नावाला मिळते. वॉरंटी ऑनसाइट आहे का हे विचारा, नाहीतर मशीन उचलून सर्व्हिस सेंटरच्या चकरा तुमच्याच नशिबी.

अजून एक गोष्ट, मला उशिरा कळलेली. नवीन विंडोज सुरू करताना ते मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं आणि बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. हे चांगलंच आहे, लॅपटॉप एसटीत विसरला तरी कुणाला यादी वाचता येणार नाही. पण त्या कुलुपाची ‘रिकव्हरी की’, म्हणजे कुलूप उघडायचा लांबलचक आकडा, त्या खात्यात जाऊन बसते. खातं सेक्रेटरीच्या खासगी मेलवर असेल आणि ते नोकरीनिमित्त दुबईला गेले, तर एखाद्या अपडेटनंतर मशीन ४८ आकडी की मागेल आणि तुम्ही आकाशाकडे बघाल. खातं मंडळीच्या मेलवर काढा, आणि ती रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा.

प्रिंटर. काळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंनी छापणारा लेझर घ्या. इंक टँकचा खर्च कमी पडतो हे खरं, पण तो नियमित चालवावा लागतो. आठवड्यातून एकदा शनिवारी रात्री पत्रिका काढणाऱ्या ऑफिसात शाई हेडमध्ये सुकू शकते, आणि ती सुकल्याचं शनिवारी रात्रीच कळतं. शिवाय दाखल्यावर पाण्याचा थेंब पडला तर लेझरचा टोनर, म्हणजे शाईची पूड, पसरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच पाणी असतं, कागद वाकतो आणि मशीनमध्ये अडकतो. रीम फोडली की उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. नाताळची रंगीत पत्रिका बाहेरून छापून आणा, वर्षातून एकदाच लागते.

पायरी ३: वीज, वीज आणि पाणी

पहिली वीज महावितरणची. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस पुरे. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, ती काम सेव्ह करून बंद करायला असतात, पत्रिका पूर्ण करायला नाहीत. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका, तापताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो.

दुसरी वीज आकाशातली. एप्रिल-मेमधला वळीव कोल्हापूरकरांना सांगायला नको. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या दगडी इमारतीत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, आणि तिसरी पिन कित्येकदा कुठेच जोडलेली नसते. आमच्याकडे नव्हती. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि सगळ्यांना वाटायचं मशीन खराब आहे.

पाणी म्हणजे पंचगंगा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत शहराच्या सखल भागातल्या तळमजल्यांवर पाणी होतं. तुमचं ऑफिस अशा भागात असेल तर सीपीयू, यूपीएस, राउटर काहीच जमिनीवर नको. आमचं राउटर आणि नेटवर्कचा स्विच डोक्याच्या उंचीवर भिंतीत आहे. आम्ही एक नियम भिंतीवर लिहून ठेवलाय: राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा झाला, की नोंदवह्या आणि सीपीयू वरच्या मजल्यावर. ४३ फुटांची, म्हणजे धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही.

पायरी ४: मराठी

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा. मावशींच्या दोन दुपारी याच पायरीत गेल्या होत्या.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये कॉम्प्युटर खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर आणि नव्या मशीनवरही ‘क’च दिसतो. तेव्हा नवीन प्रत्येक अक्षर युनिकोडमध्येच टाइप करायचं. पत्रिका छापणारा डीटीपीवाला जुना फॉन्ट मागत असेल तर त्याच्याकडे रूपांतर करायची सोय असते, त्याला करू दे. जुन्या फाइली कन्व्हर्टरने बदलून घ्या, पण नंतर एका माणसाने मूळ वहीशी ताडून बघायला हवंच. कन्व्हर्टर जोडाक्षरात हमखास घसरतो.

टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठीचे कीबोर्ड आहेत: इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून). नव्या माणसाला फोनेटिक एका दिवसात जमतं. टाइपरायटरवर हात बसलेल्या जुन्या लिपिकांसाठी युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणीची सोय मिळते. त्यांच्या बोटांना साठाव्या वर्षी नवीन मांडणी शिकायला लावू नका.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. विंडोजच्या मंगलमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि दाखल्यावर परकी दिसतात. मुक्ता, बालू हे मोफत फॉन्ट गुगलवर मिळतात. दोन-तीन फॉन्टमध्ये ‘शालोम’ छापून बघा आणि वयस्कर सभासदांना विचारा कोणता वाचता येतो. आमच्याकडे या बैठकीत कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा जास्त चर्चा झाली.

आणि आता ‘ऱ्ह’ची गंमत. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोध घेताना मात्र कॉम्प्युटरला ती दोन वेगळी आडनावं वाटतात. एका कुटुंबाचे तीन बाप्तिस्मे सापडले आणि चौथा सापडेना, वहीत मात्र समोर होता. कारण एवढंच की तो दुसऱ्या माणसाने टाइप केला होता. ऑफिसात एकच कीबोर्ड ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरा.

पायरी ५: नोंदवह्यांची सूची

यासाठी महागडं चर्च सॉफ्टवेअर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. बरीचशी परदेशी, वर्गणी महिन्याला आणि तीही डॉलरमध्ये. खजिनदार बदलले, वर्गणी थकली, की दार बंद. लहान मंडळीला साधी स्प्रेडशीट पुरते. लिबरऑफिस मोफत आहे, त्यात करा किंवा एक्सेलमध्ये.

रचना साधी ठेवा: एक नोंद, एक ओळ. नाव, वडील, आई, आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. नाव मराठीत आणि शेजारी इंग्रजी स्पेलिंग, कारण पासपोर्टवाले स्पेलिंगवरच अडवतात. मग वहीचा क्रमांक, पान, नोंद क्रमांक, पाळकांचं नाव. सुंदर दिसावं म्हणून कप्पे एकत्र जोडू नका, मग यादी क्रमाने लावता येत नाही.

तारखेचं बघा. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी मिशनचं काम सुरू केलं ते १८५२ साली, त्यामुळे इथल्या जुन्या मंडळ्यांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात जाऊ शकतात. एक्सेलला १ जानेवारी १९००च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. ती तो नुसता मजकूर समजतो आणि क्रम लावताना १८९७ची नोंद १९९८च्या नंतर नेऊन टाकतो. उपाय सोपा: दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने करा आणि त्यात नुसते आकडे लिहा.

वह्यांचे फोटोही काढून ठेवा. वही स्कॅनरवर उलटी दाबू नका, शिवण तुटते. टेबलावर वही, वर स्टँडला मोबाइल, खिडकीजवळचा उजेड. फाइलचं नाव ‘बाप्तिस्मा-वही०३-पान०४७’ असं. ‘नवीन फोटो फायनल २’ असं नाव देणाऱ्याला पुढच्या रविवारी खुर्च्या लावायला ठेवा. जीर्ण पानांना लॅमिनेशन मात्र कधीच करू नका, ते पुन्हा निघत नाही.

या यादीत लोकांचे जन्म, लग्नं, पत्ते आहेत. ती ग्रुपवर टाकायची वस्तू नव्हे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ला झाला आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या शाळेच्या) प्रवेशाच्या कागदावरच संमतीची एक ओळ आणि सही घेऊन टाका.

पायरी ६: हिशेब

इथे माझं ऐकू नका, ऑडिटरला विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टचा ताळेबंद शेड्यूल आठमध्ये आणि आय-व्यय पत्रक शेड्यूल नऊमध्ये जातं. ऑडिटर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर टॅली घ्या, म्हणजे ३१ मार्चनंतर फाइल नुसती पाठवायची. वर्षाला पाच-सहाशे नोंदी असतील तर नीट मांडलेल्या स्प्रेडशीटवरही भागतं. परदेशी देणगीची एफसीआरए परवानगी असेल तर तिचं खातं आणि वह्या पूर्ण वेगळ्या ठेवा, टॅलीतल्या एकाच ‘कंपनी’त (एकाच हिशेबाच्या फाइलमध्ये) ‘नंतर वेगळं करू’ हा विचार महागात पडतो. अर्पणाच्या क्यूआर कोडचं खातं ट्रस्टच्याच नावाचं हवं. आणि रोख अर्पण दोघांनी मोजून कागदावर सह्या करायच्या, ते काम कोणतंही सॉफ्टवेअर करत नाही.

पायरी ७: नेटवर्क

कनेक्शन फायबरचं, आणि ट्रस्टच्या लेटरहेडवर. तुमच्या गल्लीत कुणाचा माणूस बिघाड झाल्यावर त्याच दिवशी येतो हे शेजारच्या दुकानात विचारा, जाहिरातीतल्या वेगापेक्षा ते महत्त्वाचं. उपासना थेट दाखवणार असाल तर अपलोडचा वेग विचारा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. लाइट गेली तरी नेट चालू राहतं.

आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती वायफाय गिळतात, ५ गिगाहर्ट्झ तर दारातच संपतं. महागडा राउटर घेऊन हा प्रश्न सुटत नाही. ऑफिसपासून सभागृहापर्यंत कॅट-६ची (नेटवर्कची) तार पाइपमधून न्या आणि तिकडे छतालगत एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, बसवा. पीओईवाला (पॉवर ओव्हर इथरनेट) घेतलात तर त्याच तारेतून त्याला वीजही मिळते, वेगळं सॉकेट लागत नाही. तार एका दमात १०० मीटरपर्यंत चालते. पण ऑफिस आणि चर्च या दोन वेगळ्या इमारती असतील तर मधे तांब्याची तार नको. जवळपास वीज पडली की धक्का त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं जाळतो. मधल्या अंतरासाठी फायबर टाका, काचेतून करंट जात नाही.

वायफायचे दोन भाग करा, एक ऑफिसचा आणि एक पाहुण्यांचा. तरुण संघाची मुलं पासवर्ड विचारणारच, त्यांना पाहुण्यांचा द्या. प्रिंटर आणि हिशेबाचं मशीन ऑफिसच्या बाजूला. राउटरसोबत आलेला ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, सीसीटीव्हीचाही.

पायरी ८: कॉपी आणि किल्ल्या

दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरी शहराच्या उंच भागात राहणाऱ्या मंडळीच्या एखाद्या वडीलजनांच्या (एल्डरांच्या) घरी. दर रविवारी अदलाबदल. दोन्ही डिस्कना पासवर्डचं कुलूप हवं. तिसरी कॉपी क्लाउडवर. नुसत्या क्लाउडवर भिस्त ठेवू नका: तिथे फोल्डर सिंक होतं, म्हणजे इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. तीन महिन्यांतून एकदा डिस्कवरची एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून बघितलेल्या कॉपीवर मी आता विश्वास ठेवत नाही.

मंडळीचा मेल, यूट्यूब चॅनेल, बँकेचे संदेश या सगळ्यांसाठी ट्रस्टच्या नावाचं एक सिमकार्ड आणि एक साधा मोबाइल घ्या, जो ऑफिसातच राहील. गुगलचं खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, त्यामुळे जुनी खाती अधूनमधून उघडत चला. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या मोफत किंवा सवलतीच्या योजना असतात, पैसे भरण्याआधी ट्रस्टचं प्रमाणपत्र घेऊन अर्ज करून बघा.

सगळे पासवर्ड, विंडोजची ती ४८ आकडी की, नेटवाल्याचा ग्राहक क्रमांक, कुठली तार कुठे जाते त्याचा हाताने काढलेला नकाशा, हे एका पाकिटात घालून लाखेने बंद करा. आमचं पाकीट विवाह नोंदवहीच्या तिजोरीत आहे. तिजोरीची एक किल्ली पाळकसाहेबांकडे, एक खजिनदारांकडे. पाकीट फोडलं की तारीख आणि सही घालून पासवर्ड बदलायचे.

फेब्रुवारीत मी मुद्दाम पंधरा दिवस ऑफिसात गेलो नाही. महिला मंडळाच्या एका ताईंना पाकीट देऊन सांगितलं, कुणाचा तरी जुना दाखला काढून दाखवा. त्यांनी काढला, चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंचवीस प्रिंटरचं बटण शोधण्यात गेली, म्हणून आता त्या बटणावर लाल टिकली चिकटवली आहे.